ओळखीची पावलं

भोपळ्या आणि चिंगी हे दोन गिनीपिग म्हणजे त्या घराची बेलच. कॉलेजातून परतणाऱ्या लेकीची पावलं जिन्यावर वाजली, की दोघं पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून शिट्ट्यांनी घर डोक्यावर घेत. मग आई स्वयंपाकघरातूनच विचारी, “आलीस का गं?” पिंजरा रोज आईच साफ करायची, पण तिच्या वाट्याला कधी एक शिट्टी आली नाही. “कृतघ्न मेले!” असं ती हसत म्हणायची.

आज शेवटचे तास झाले नाहीत, म्हणून लेक दुपारीच घरी आली. तिने दार उघडलं तरी एकही शिट्टी नाही. आत मिक्सर घरघरत होता, त्यामुळे आईलाही पत्ता लागला नाही. किल्ली सॅकमध्ये टाकून लेक काकडीची फोड घेऊन पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली.

दोघं मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थरथरत होते. तिने हात आत घातला, तर भोपळ्या कडकडून चावला. आजवर तो कधीच चावला नव्हता.

“अरे, मी आहे रे, वेड्यांनो!”

मिक्सर थांबला. जिन्यावर पावलं वाजली. डावी चप्पल जराशी घासत, अगदी तिची वाजतात तशी. दोघं धडपडत जाळीकडे धावले आणि शिट्ट्यांनी घर दणाणलं.

“आलीस का गं?” आईने आतून विचारलं.

लेक दाराकडे वळली. कुलपात किल्ली फिरली.

“आले गं आई,” दारातून तिचाच आवाज म्हणाला. “पण ही कोण बसलीय इथे?”