पंधरावी विद्यार्थिनी

ईश्वराचं अस्तित्व तर्काने सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही, हा डॉ. जागेश्वर हेडाऊ यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा निष्कर्ष होता. तो निष्कर्ष घेऊन ते भर दुपारी वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या गल्लीत, दारोदार विद्यार्थी मागत फिरत होते.

'धर्माचं तत्त्वज्ञान' हा विषय चालू ठेवायला कॉलेजला पंधरा विद्यार्थी लागत. चौदा झाले होते. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. पंधरावा मिळाला नाही तर विषय बंद, आणि विषयासोबत हेडाऊ सरही. कारण तत्त्वज्ञान ते पहिल्यापासून तासिका तत्त्वावरच शिकवत होते. पन्नाशीला आलेल्या माणसाला आता दुसरीकडे कोण घेणार? निघताना बायको म्हणाली होती, "आज कोनाची तरी पोरगी घेऊनच घरी या."

शालिकरामने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. तो गोदामात मुकादम होता. मुलगी भूमिका यंदा बारावी झाली होती. आत त्याच्या बायकोचा, भागीरथाचा, स्वयंपाक चालला होता. कुकरची शिट्टी झाली की सरांना थांबावं लागे.

सरांनी आधी विषयाची थोरवी सांगितली. मग म्हणाले, हजेरीचं मी पाहून घेईन. मग म्हणाले, परीक्षेची फी मी भरीन. शेवटी म्हणाले, "आणायला-सोडायला मीच येत जाईन. स्कूटर आहे माझी."

"ते राहू द्या," शालिकराम म्हणाला. "तुमी यातच पीएचडी हाये ना? मंग एक सांगा. देव हाये का नाई?"

"त्याचं असं आहे, की या प्रश्नाकडे वेगवेगळ्या परंपरांनी..."

"परंपराइचं नाई विचारून राहिलो मी. तुमचं सांगा."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. तसबिरींपुढे उदबत्ती जळत होती. मांडीवरच्या पिशवीत कोरा प्रवेशअर्ज होता.

"हाये," ते म्हणाले. वर्गातली भाषा ऐन वेळी सुटली होती.

"पक्कं?"

"शंभर टक्के."

शालिकरामने मोठा श्वास सोडला. "ऐकलं का वं? देव हाये म्हनते सर!"

"मंग मी इतके वर्ष काय सांगून राहिली तुमाले?" आतून भागीरथा म्हणाली. "माहं कोन आयकते!"

सरांनी घाईघाईने अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं. "इथे भूमिकाची सही. खाली तुमची."

"कायची सही?" शालिकराम म्हणाला. "तिची अॅडमिशन तं परवाच झाली. दुसऱ्या कॉलेजात. होम इकॉनॉमिक्स. तिथल्या बाई आल्या होत्या घरी."

सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मग मला काहून विचारलं?"

"रागावू नका सर. पीएचडी झालेला मानूस काई रोज येते का दारात? म्हटलं, विचारून घ्याव."

बाहेर एक ट्रक मागे येत होता. तो थांबल्यावर सरांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या कॉलेजच्या बाईंनी काय सांगितलं?" सरांनी विचारलं.

"त्यायनं काई सांगतलं नाई," शालिकराम म्हणाला. "कुकर देल्ला."