सपाट जागा

काळुरामच्या गाडीचा गिअरबॉक्स जळाला. ते सोडा, जळालाच नाही असं समजू. सकाळी तो नुसते आचके देत होता. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "ऑटोमॅटिक हाय. इंजिन चालू ठेव, गाडी सपाट जागी लाव, मग गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढून बघ. कमी असलं तर भर." तेलाचा डबा घेऊन काळुराम रोह्याहून पेणपर्यंत सपाट जागा शोधत, रस्त्याला शिव्या घालत आला. सापडली ती खाडीकाठच्या मिठागरात. भुई कशी आरशासारखी! त्याने गाडी सरळ आत घातली आणि पट्टी उपसली, तोच मिठागरात राबणारी ठमाबाई धावून आली.

"मेल्या, आठ दिस आम्ही बाया पायानं चोपतोय ही भुई! तुला रस्ता नाय काय?"

"रस्ता सपाट नाय गो मावशी!"

"मंग ज्यानं केला त्याला बडव! काढ गाडी!"

तेल न भरताच काढावी लागली. तिसऱ्या खड्ड्यात गाडीखालून धूर निघाला, पण तो आपण बघायचा नाही.

संध्याकाळी काळुरामने दात-ओठ खात बांधकाम खात्याला अर्ज लिहिला: "तरी सदर रस्त्याचे काम ठेकेदाराकडून काढून ठमाबाई व मंडळी यांच्या पायांकडे वर्ग करण्यात यावे, ही नम्र विनंती."