गोधडीची तीट

रंभाबाईने उजव्या कोपऱ्यात एक काळा तुकडा ठेवला, तर गोधडीच्या चारी कोपऱ्यांत काळे तुकडे उमटले.

तिने माऊसवरचा हात आखडून घेतला. मग पडद्याला नख लावून खालच्या कोपऱ्यातला तुकडा उचकटून पाहिला. तो निघाला नाही.

"आता काय केलंस?" शेजारच्या खुर्चीवरून सरदारबीने विचारलं. तिचं चित्र कालच झालं होतं. आज ती डोळ्यांत सुरमा घालून, चहाचा कप हातात धरून नुसती गंमत बघायला बसली होती.

"म्या न्हाय केलं. ह्यानंच केलं."

"पोरीला हाक मार अगे. नखानं पडदा फोडशील."

रेश्मा आली. बचत गटातल्या बायकांना संगणकावर गोधडीची नक्षी करायला शिकवण्यासाठी तिला ठेवलं होतं. आज शिकवणीचा शेवटचा दिवस. चार वाजता सगळ्यांची चित्रं पुण्याच्या एका दुकानाला जायची होती. दुकान तिकडेच मशिनवर कापड कापून, शिवून बाळांच्या गोधड्या करणार होतं. एकेका चित्राच्या चाळीस. प्रत्येक गोधडीवर जिचं चित्र तिचं नाव.

"छान झालंय की मावशी! आता काय राहिलं?"

"ह्यातले तीन काढ. एकच पायजे. तीट हाय ती."

"कसली तीट?"

"बाळाच्या गालाला लावतो न्हाय का, तशी गोधडीला. एकाच कोपऱ्यात एक तुकडा काळा, बाकीच्यांशी न जुळणारा. बघणाऱ्याची नजर तितंच अडती. खाली बाळ निवांत निजतं."

रेश्मा खुर्ची ओढून बसली. तिने एक तुकडा पुसला. चारी पुसले गेले. पुन्हा एक ठेवला. चारी आले. तिने वरच्या ओळीतली बटणं एकामागून एक उघडून पाहिली. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. मग तिने दुकानाला फोन लावला, "हो सर, हो सर" म्हणाली आणि ठेवून दिला.

"मावशी, हा साचा त्यांनीच दिलाय. आपण एक चतकोर भरायचा. बाकीचे तीन तो आपोआप भरतो. त्यांच्या मशिनला तसंच लागतं म्हणतात. इथून बंद होत नाही."

"मग?"

"चार असू द्या की. चौपट राखण होईल बाळाची."

"चार लावल्या की ती नटवणूक झाली, बाई."

"नवरीची मेंदी झाली," सरदारबी म्हणाली. "नजर उलटी धावत येईल."

रंभाबाई पडद्याकडे बघत राहिली. हिरवा, पिवळा, मध्ये तांबडा आणि कोपऱ्यांत चार काळे चौकोन. दिसायला सुरेख होतं. आजवर केलेल्या एकाही गोधडीत तिची तीट अशी शोभून दिसली नव्हती.

"शिवायला माझ्याकडं धाडा म्हणावं. एकेक काळा तुकडा मी हातानं लावते. चाळीस काय, लई न्हाईत."

"शिवून तिथंच पिशवीत भरतात, मावशी. तिथूनच गिऱ्हाइकाकडे जातात."

"कुटं जात्यात?"

"ते कोणाला माहीत? कुठंही."

रंभाबाईने पदराने तोंड पुसलं.

"मग माझं नाव काढ त्याच्यावरनं."

नाव चित्राच्या खाली होतं. रंभाबाई. काल एका बोटाने अक्षरं शोधत तिने स्वतः घातलं होतं. अनुस्वार सापडेपर्यंत चहाची वेळ झाली होती. मग तिने सरदारबीला ते दोनदा वाचायला लावलं होतं, आणि दुसऱ्यांदा सरदारबीने मुद्दाम मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं होतं.

रेश्माने नाव पुसून दाखवलं. त्या जागी लाल चौकट आली.

"बघा. नाव नसलं की चित्र जातच नाही."

तिने नाव पुन्हा घातलं. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ लागला.

चाराला पाच मिनिटं होती. बाकीच्या बायका पिशव्या आवरत होत्या. वळसंगची एसटी साडेचारची.

"पाठवू, मावशी?"

रंभाबाईने खुर्ची थोडी मागे सरकवली. तिने गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि ते तसेच राहिले. रेश्मा थोडी थांबली. मग तिने बटण दाबलं आणि पुढच्या बाईच्या खुर्चीकडे गेली.

सरदारबीने कप खाली ठेवला. करंगळी डोळ्याच्या कडेला घासली आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवली. काचेवर सुरम्याचा ठिपका उमटला.

"घे. लागली तीट."

रंभाबाईने मान तिरकी करून पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे घेतली. ठिपका वाकडा होता, बोटाच्या रेघा दिसत होत्या. एकच होता.

"आनि पुण्याला?" तिने विचारलं.

सरदारबीने कप उचलला. तो रिकामा होता.

रेश्मा एकेक संगणक बंद करत त्यांच्यापाशी आली. "अगंबाई, हे काय लागलंय काचेला?" म्हणत तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. ठिपका लगेच निघाला. चार काळे चौकोन चारी कोपऱ्यांत तसेच राहिले.