सातचा पाढा

"अभ्यास तरी कर, नाहीतर समाजसेवा तरी. एक ना धड, भाराभर चिंध्या!" आई रोज करवादायची. पण स्पीच थेरपीच्या एम.एस्सी.ला असलेली लेक दर रविवारी मागच्या गल्लीतल्या गणिताच्या मास्तरांकडे जायचीच. अर्धांगवायूच्या झटक्यात मास्तरांची वाचा गेली होती. चित्रं दाखवून झाली, आरसा धरून झाला, पण त्यांच्या तोंडून अक्षर निघेना.

एका रविवारी प्रबंधाचं काम अंगावर आलं, म्हणून ती त्यांच्या पलंगाशेजारीच आकडेमोड करत बसली.

"सात साते सत्तेचाळीस..." ती पुटपुटली.

"एकोणपन्नास!" मास्तर कडाडले.

मास्तरांच्या बायकोच्या, काकूंच्या, हातातली वाटी खाली पडली. मग दर रविवारी तेच. ती मोठ्यानं पाढे म्हणायची, चुकायची, आणि मास्तर चिडून दुरुस्त करायचे. हळूहळू शब्दाला शब्द जुळायला लागला.

"ह्यांना बोलतं करायला काय युक्ती काढलीस गं!" काकूंनी डोळे पुसले.

"आमच्या अभ्यासक्रमातच आहे ते, काकू," ती लाजून म्हणाली.

मास्तर बरा असलेला हात उचलून आजारपणानंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलले,

"युक्ती कसली? हिला पाढेच येत नाहीत!"