भय्याजींच्या गाडीचा हीटर

"कोन्या गाढवानं काढला हा थर्मोस्टॅट?" बॉनेटखाली डोकं खुपसूनच भय्याजी ओरडले.

जानेवारीची दुपार. सेक्टर दोनच्या क्वार्टरसमोर ते तासाभरापासून गाडीशी झटत होते. इंजिनचं पाणी गळत होतं आणि हीटर लावला तर आत नुसती गार फुंकर. एरवी भिलाईत हीटर लागतो कोणाला! पण उद्या लागणार होता. मुलगी आम्रपाली रायपूरच्या दवाखान्यातून आठ दिवसांची पोर घेऊन सुटणार होती. पोर जेमतेम दोन किलोची; हिला थंडी लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जावई कमलेश टॅक्सी सांगायला निघाला तर भय्याजी फोनवरच भडकले, "माही नात पहिल्यांदा घरी येईन त माह्याच गाडीत!"

गळतीचा पत्ता तर लागला. पाईपाच्या तोंडाशी कोणीतरी हातानं कापलेलं रबर बसवलं होतं, ते फाटलं होतं. उघडून पाहतात तर आतला थर्मोस्टॅटच गायब. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी इवलीशी झडप ती. तीच नाही, मग पाणी तापणार कधी आणि गरम हवा येणार कुठून?

त्यांची बायको पंचफुलाबाई घरातून एक जुना डबा घेऊन आल्या. "कावून ओरडून राहिले? हा घ्या. सात वर्षांपहिले, मे महिन्यात तुमीच काढला होता."

"मी?"

"हव. 'पानी अडवलं का सत्यानाश होते' म्हने. गाडीले भट्टी समजले!"

भय्याजींनी डबा उघडला; आत तोच थर्मोस्टॅट. बत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीला, गार ठेवणाऱ्या पाण्याची लाईन सांभाळलेला माणूस; तिथं पाणी अडलं की भट्टी गेलीच. पाणी अडवणारं काही दिसलं की हात शिवशिवायचेच. मग त्यांनाच हसू फुटलं. पंचफुलाबाई तर हसून हसून पायरीवर बसल्या.

थर्मोस्टॅट चहाच्या गंजात उकळून पाहिला. झडप हळूच उघडली. "जित्ता आहे वं हा!" म्हणत भय्याजी अंगणात नाचले. पॉवर हाऊस भागातल्या दुकानातून फाटक्या रबराच्या जागी नवं गॅस्केट आलं, कूलंट भरलं, आणि दिवस मावळायच्या आत गाडीत गरम हवा सुटली.

दुसऱ्या दिवशी रायपूरहून येताना सगळे घामाघूम. पंचफुलाबाई पदरानं वारा घेत होत्या. पुढं बसलेल्या कमलेशनं स्वेटर काढला, तरी राहवेना.

"बाबूजी, थोडा कम कर दूँ?"

"बटनाले हात लावाल त इथंच उतरवून देईन, जावईबापू."

मागं आम्रपालीच्या मांडीवर चार दुपट्यांत गुंडाळलेली नात चुळबुळली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिनं एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय तसेच उघडे टाकून निवांत झोपी गेली.