कोरी पानं

टेलरमास्तरांचं पोट तीन महिन्यांत इंचभर जरी उतरलं, तर प्लंबरने त्यांना खांद्यावर बसवून गल्लीची फेरी मारायची. नाही उतरलं, तर मास्तरांनी प्लंबरला. पैज प्लंबरनेच लावली होती. साखर काठावर आली म्हणून मास्तरांनी आहाराच्या संशोधनात नाव दिलं खरं, पण त्यांच्या वाट्याला आला तो काहीच न बदलणाऱ्यांचा गट. ना पथ्य, ना व्यायाम. फक्त जे खाल ते वहीत लिहायचं.

"आतापासूनच खांद्याला तेल चोळा, मास्तर," प्लंबर खिदळला.

तीन महिन्यांनी तो पाइप मोजायची स्वतःची टेप घेऊन आला, कारण शिंप्याच्या टेपवर त्याचा भरवसा नव्हता. पोट चांगलं तीन इंच उतरलं होतं. साखरही.

"चोरून पळायला जात होता ना?"

"छे रे. संशोधनवाल्या मॅडमनी पण हेच विचारलं. अरे, बिस्किट खायला एक मिनिट आणि लिहायला पाच. किती खाल्लं, कधी खाल्लं, कशाबरोबर खाल्लं. मला लिहायचा भयंकर कंटाळा. मग म्हटलं, मरू दे, खायलाच नको."

अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. मास्तरांना खांद्यावर घेऊन प्लंबर निघाला आणि चौथ्या घरापाशीच त्याला धाप लागली.

"उतरू का रे?" मास्तरांनी वरून विचारलं.

"गप बसा," प्लंबर धापा टाकत म्हणाला. "वहीत माझ्यासाठी कोरी पानं किती उरलीत, तेवढं सांगा."