काचेवरची अम्मी

अम्मी गेल्यावर तिचा शेवटचा फोटो कुठल्याच फोनवर उघडेना. फाइल बिघडली होती. मग नूरने सी भाषेत स्वतःच प्रोग्राम लिहिला, दाबून लहान केलेला फोटो ओळीओळीने उलगडणारा. महिनाभर झटल्यावर अम्मी स्क्रीनवर उमटली, पण डोकं खाली! वरून मांडायच्या ओळी तिने खालून मांडल्या होत्या. "थांबा अब्बा, सरळ करते," ती ओशाळून म्हणाली. लोणावळ्यात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या अब्बांनी तिचा हात धरला. "राहू दे गं. जुन्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस असाच उलटा दिसायचा. स्थळांना दाखवायचा फोटो काढायला तुझी अम्मी कार्ल्याहून आली, तेव्हा काळ्या कापडाखालून तिला पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं ते असंच. फोटो बिघडल्याचं खोटंच सांगून तीनदा बोलावलं." "अम्मीला कळलं नाही?" "कळलं की. चौथ्यांदा ती न बोलावताच आली."